बँकॉकच्या फुटपाथवर निर्धास्त खायचं तर: ज्योत बघा, घड्याळ बघा, हात बघा

थायलंडला जाणाऱ्या आपल्याकडच्या गटांचं जेवण बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. दुपारी डाळ-भात, रात्री पनीर, मधल्या वेळेला बॅगेतला चिवडा. संध्याकाळी बस याओवारातवरून, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाउनच्या मुख्य रस्त्यावरून जाते, काचेपलीकडे कढईखाली हातभर जाळ उठताना दिसतो, आणि गाइड बजावून सांगतो, "बाहेरचं काही खाऊ नका, पोट बिघडेल."

पोटाची काळजी खरी आहे, पण त्यावरचा हा उपाय मला पटत नाही. पहिल्या खेपेला मी हा सल्ला तंतोतंत पाळला होता. चार दिवस हॉटेलबाहेर घास घेतला नाही. पाचव्या दिवशी न्याहारीच्या बुफेत साडेदहाच्या सुमारास कोमट फोडणीचा भात आणि गार कोळंबीचं सॅलड खाल्लं, दुपारी तीनला उलट्या सुरू झाल्या आणि पुढचे दोन दिवस खोलीत गेले. नेमकं कशानं झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण तो भात सकाळी सहापासून तिथे होता एवढं नक्की. पुढच्या खेपेला आईला घेऊन गेले. तिचं वय ६८, त्यात मधुमेह. आम्ही आठ दिवस मुख्यतः गाड्यांवर खाल्लं आणि दोघींची पोटं शाबूत राहिली. नशिबाचा भाग असेलच, पण तेव्हा आम्ही काही गोष्टी ठरवून केल्या होत्या. त्याच इथे क्रमानं सांगते.

आधी कारण समजून घ्या

अन्नातले बहुतेक त्रासदायक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात वाढतात. त्याखाली ते थंडावतात, त्यावर मरू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम साधा आहे: अन्न आतपर्यंत किमान ७० अंशांना शिजवा आणि शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पोषक वातावरणात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे दोन तासांत ६४ आणि सात तासांत वीस लाखांवर. एप्रिलमधल्या बँकॉकची दुपार पस्तिशीच्या पुढे असते, त्यामुळे त्यांना हवं ते सगळं तिथे आयतं मिळतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे चकचकीत फरशी, पांढरा टेबलक्लॉथ आणि वातानुकूलन यांचा अन्नाच्या तापमानाशी संबंध नाही. दुसरी, पुन्हा गरम केलं की सगळं सुरक्षित होतं हे खरं नाही. भातात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजल्यावरही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, त्यांतले काही उलटी करवणारं विष तयार करतात आणि ते विष पुन्हा परतून जात नाही. माणसाच्या हातावरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या विषाचंही तेच. म्हणून खाण्याआधी स्वतःला विचारायचं: हे शिजून किती वेळ झाला आणि शिजल्यावर कोणी हात लावला?

२०१७च्या डिसेंबरमध्ये मिशेलिन या खानावळींना तारे देणाऱ्या मार्गदर्शकाची बँकॉकसाठीची पहिली यादी आली. त्यात जे फाय या वयस्क बाईंच्या साध्या, रस्त्यालगतच्या खानावळीला एक तारा मिळाला. डोळ्यांवर मोठे गॉगल लावून त्या कोळशाच्या शेगडीवर स्वतः एकेक पदार्थ करतात. चवीचं मला वेगळं सांगायला नको. पण स्वच्छतेच्या नजरेनंही ती पद्धत बघा: ऑर्डर आल्यावर शिजवणं, प्रचंड आच, शिजल्यापासून ताटात येईपर्यंत दोन मिनिटं. फुटपाथवरच्या शेकडो कढया नेमकं हेच करतात, आणि स्वस्तात करतात.

निघण्याआधी

सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. टायफॉइडची लस प्रवासाआधी किमान दोन आठवडे घ्यावी लागते. हिपॅटायटिस ए लहानपणी नकळत होऊन गेल्यानं आपल्याकडच्या अनेक मोठ्या माणसांत प्रतिकारशक्ती असते. शहरात, फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेल्या तरुण मुलांत ती नसण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्यांच्यासाठी लसीबद्दल जरूर विचारा.

एक गोष्ट आपल्या घरांत फार दुर्लक्षित आहे. रोज सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, घेणारी कितीतरी माणसं आहेत. पोटातलं आम्ल ही जिवाणूंविरुद्धची पहिली भिंत असते आणि ही गोळी तीच बुटकी करते. मनानं गोळी बंद करू नका, पण तुम्ही ती घेत असाल तर कच्च्या पदार्थांबाबत इतरांपेक्षा कडक राहा. गरोदर बाई, लहान मूल, साठीच्या पुढची व्यक्ती, मधुमेही, स्टेरॉइडवर असलेलं कोणी, यांनाही हेच लागू. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कुठल्या गोळ्या उलट्या-जुलाब चालू असताना थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. आईच्या बाबतीत आम्ही ते केलं होतं आणि त्या कागदामुळे मला रात्री झोप लागायची.

बॅगेत काय घ्यायचं: जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची दहा पाकिटं, तापाची गोळी, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं चिठ्ठीसकट, साबणाच्या पट्ट्या किंवा छोटी वडी, सॅनिटायझर, टिश्यू आणि एक घडीचा चमचा. ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा (लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ आणि सोबत पोटॅशियम, सायट्रेट). खोक्यातली गोड पेयं वेगळी, त्यांत साखर जास्त असते.

पहिला दिवस संयमाचा

रात्रीचं विमान, अर्धवट झोप, विमानतळावरचा थंड सँडविच आणि उतरल्या उतरल्या तिखटजाळ सोम तम (कच्च्या पपईची कोशिंबीर), असा दिवस बहुतेकांचा होतो. मग पोट कुरकुरलं की दोष गाडीला. पहिल्या दिवशी एक वाटी गरम नूडल सूप किंवा 'जोक' ही आलं घातलेली मऊ भाताची पेज घ्या, एवढंच. नव्या ठिकाणचे निरुपद्रवी जंतूसुद्धा पोटाला अनोळखी असतात. तिखटाची सवय आहे म्हणून आपलं पोट पक्कं, हा समज सोडून द्या. मिरचीनं जंतू मरत नाहीत. लिंबू पिळूनही मरत नाहीत, आणि सोबत बिअर घेतली तरी नाहीत.

गाडी कशी निवडायची

यासाठी दहा मिनिटं उभं राहून नुसतं बघायचं. आपण दादरला वडापावच्या गाडीसमोर हे नकळत करतोच: तेल कडकडतंय का, घाणा आत्ताचा आहे का, पैसे घेणारा आणि वडा देणारा हात एकच आहे का. तीच नजर परदेशात जाणीवपूर्वक वापरायची.

आधी गर्दी बघा, पण कुणाची ते बघा. पर्यटकांची रांग मोबाइलवरच्या व्हिडिओमुळेही लागते. हॉस्पिटलच्या गणवेशातल्या नर्स, शाळेतून मूल घेऊन निघालेली आई, मोटारसायकल टॅक्सीची नारिंगी जाकिटं घातलेली माणसं, ही गर्दी रोज येते. पोट बिघडवणाऱ्या गाडीवर ती परत येणार नाही. शिवाय गर्दी म्हणजे माल पटापट संपणं. सिरिराज हॉस्पिटलशेजारचा वांग लांग बाजार यासाठी मला फार आवडतो. दुपारी तिथे डॉक्टर आणि विद्यार्थी जेवत असतात.

मग कढई बघा. पदार्थ ऑर्डरनंतर शिजतोय की आधी शिजवून रचून ठेवलाय? मू पिंगच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, किंवा चिकनच्या काड्या अर्धवट भाजून बाजूला ठेवलेल्या असतील तर तुमची काडी पुन्हा निखाऱ्यावर ठेवायला सांगा आणि पूर्ण भाजेपर्यंत तिथेच थांबा. आत गुलाबी दिसली तर परत करा, कुणी रागवत नाही.

हातांना सगळ्यात जास्त वेळ द्या. एक जण शिजवतोय आणि दुसरा पैसे घेतोय अशी गाडी उत्तम. एकटी बाई असेल तर ती पैशांसाठी प्लॅस्टिकची टोपली पुढे करते का, नोट हातात घेतल्यावर हात धुते का, की त्याच हातानं कोथिंबीर टाकते? हातमोज्यांनी भुलू नका. त्याच मोज्यानं नोट मोजली तर मोजा नसलेला बरा. कच्चं मांस आणि शिजलेलं मांस एकाच पाटावर, एकाच सुरीनं कापत असतील तर पुढे चला. बाकी गाडी कितीही छान असली तरी या एका गोष्टीवर मी माघारी फिरते.

ताटं धुण्याची जागा बहुधा मागे असते: रांगेत दोन-तीन घमेली. शेवटच्या घमेल्यातलं पाणी करडं आणि तवंग आलेलं असेल तर पदार्थ पुड्यात किंवा डब्यात बांधून मागा. चमचे भांड्यात उभे ठेवलेले असतात, ते टिश्यूनं पुसून घ्यायचे. तिथले लोकही पुसतात, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. मॉलमधल्या काही फूड कोर्टांत चमचे बुडवून घ्यायला गरम पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा.

थाय आरोग्य खात्याची 'स्वच्छ अन्न, उत्तम चव' अशा अर्थाची पाटी काही दुकानांवर दिसते. असली तर चांगलंच, पण कढई आणि हात तरीही बघायचे.

घड्याळ धरून खा

प्रत्येक पदार्थाची वेळ असते आणि ती पाळली की अर्धा धोका आपोआप टळतो. पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत जोक, पाथोंगको (जोडीनं तळलेले पिठाचे फुगीर तुकडे, गरम सोया दुधाबरोबर) आणि मू पिंग. अकरा ते साडेबारा या वेळात 'खाओ राद केंग', म्हणजे भातावर वाढायच्या आमट्या-भाज्यांच्या ट्रे. या ट्रेंमधलं अन्न सकाळी शिजतं आणि पुष्कळदा खाली आच नसताना दुपारभर राहतं. साडेअकराला ते उत्तम असतं, दुपारी तीनला मी त्याच्या वाटेला जात नाही. 'खाओ मान काय', म्हणजे उकडलेली कोंबडी आणि तिच्याच रश्शातला भात, हेही दुपारच्या आत खावं. चांगल्या दुकानात ते एकच्या आत संपतंच. याओवारातला संध्याकाळी सहा-साडेसहाला पोचा, मेट्रोचं वात मांगकोन स्टेशन अगदी जवळ आहे. तेव्हा कढया नुकत्या तापलेल्या असतात, बर्फावरची मासळी नुकती मांडलेली असते आणि मसाल्यांच्या वाट्या भरलेल्या असतात. सोमवारी बऱ्याच भागांतल्या गाड्या बंद असतात, त्या दिवशी देवळं बघा.

काय मागवायचं, काय सोडायचं

डोळे झाकून मागवावं असं: पाद क्राफाओ, म्हणजे तुळशीच्या जातीच्या पानांबरोबर प्रचंड आचेवर परतलेलं मांस किंवा टोफू. वर अंडं घेत असाल तर 'खाय दाओ सुक', म्हणजे पूर्ण तळलेलं. पाद थाय, डोळ्यांसमोर परतलेला. नूडल सूप, रस्सा उकळत असेल तर. कालवं-शिंपल्या नको वाटत असतील तर होय तोद म्हणजे शिंपल्यांचं कुरकुरीत धिरडं सोडा, पण तव्यावर ते चांगलं खरपूस होतं आणि मी खाते. केळ्याची रोटी तर लहान मुलांनाही निर्धास्त द्यावी, समोर तळली जाते.

नूडल सूपबरोबर एक पाटी येते: कच्चे मोड आलेले मूग, तुळस, कोबी. मोड हा फार फसवा प्रकार. ज्या दमट उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात, आणि नुसतं धुऊन ते जात नाहीत. ते मोड उकळत्या रश्शात टाकून घ्या, जमलं तर गाडीवाल्यालाच टाकायला सांगा. टेबलावरचा चौकडा मात्र बिनधास्त वापरा: साखर, मिरचीपूड, मिरचीचं व्हिनेगर आणि मिरची घातलेला 'नाम प्ला' म्हणजे माशाचा खारट अर्क. आंबट आणि खारट इतकं तीव्र असतं की जिवाणूंना तिथे वाढता येत नाही.

सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची खलबत्त्यात कुटलेली आंबट-तिखट कोशिंबीर, हा माझा सगळ्यात अवघड प्रश्न. सगळंच कच्चं, आणि चवीला अप्रतिम. मी तोडगा काढलाय तो असा: पहिले दोन दिवस नाही, नंतर फक्त गर्दीच्या दुकानात, आणि फक्त 'सोम तम थाय'. 'सोम तम पू' किंवा 'पू पला रा' असं लिहिलेलं घेऊ नका. 'पू' म्हणजे खेकडा, 'पला रा' म्हणजे आंबवलेली मासळी, आणि भातशेतीतला तो खेकडा खारवलेला असला तरी कच्चाच असतो. गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात शिरणारे चपटे कृमी येऊ शकतात.

ज्यांना मी ठाम नाही म्हणते असे काही पदार्थ आहेत आणि कारणं गंभीर आहेत. ईशान्य थायलंडमधल्या इसान भागात आणि लाओसमध्ये गोड्या पाण्यातली मासळी बारीक चिरून लिंबू-मसाला लावून कच्ची खातात, त्याला 'कोय पला' म्हणतात. त्यातून यकृतात शिरणारा चपटा कृमी पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारण ठरतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि त्या भागात या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. लिंबानं मासा पांढरा दिसतो, कृमी मरत नाही. उत्तरेकडे चिआंग मायच्या बाजूला 'लाब दिप' ही कच्च्या मांसाच्या खिम्याची मसालेदार कोशिंबीर मिळते. कच्च्या डुकराच्या मांसातून आणि रक्तातून होणारा 'स्ट्रेप्टोकॉकस सुइस'चा संसर्ग मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि वाचलेल्या माणसाला कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. 'लाब सुक' म्हणा, सुक म्हणजे शिजलेलं. नाम प्लात बुडवलेली कच्ची कोळंबी आणि कच्ची कालवं ही दोन्ही याओवारातला बर्फावर फार सुंदर मांडलेली असतात. ती सोडा.

दारूबद्दल एकच. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या लाओसमधल्या वांग व्हिएंगमध्ये मिथेनॉल या विषारी अल्कोहोलच्या संशयित बाधेनं सहा परदेशी पर्यटक गेले, त्यांतल्या बहुतेकांचं वय विशीच्या आसपास होतं. फुकटचे शॉट, बादलीतली कॉकटेल, घरगुती तांदळाची दारू, काहीही घेऊ नका. घ्यायचीच असेल तर समोर फोडलेली बिअर.

बर्फ, पाणी, फळं

नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीबंद पाणी प्रत्येक कोपऱ्यावर मिळतं. बर्फाचं नीट समजून घेतलं तर सगळी गार पेयं सोडावी लागत नाहीत. मधोमध भोक असलेला, नळीसारखा, पारदर्शक बर्फ कारखान्यात शुद्ध केलेल्या पाण्यापासून होतो आणि पिशवीत येतो. पेल्यात तो चालतो, फक्त काढायला डाव वापरताहेत की हात ते बघा. मोठ्या लादीचा फोडलेला किंवा किसलेला बर्फ मासळी गार ठेवण्यासाठीही आणतात. तो पेयात नको. शंका आली की 'माय साय नाम खेंग', म्हणजे बर्फ घालू नका.

फळांची काचेची गाडी फार मोहात पाडते. कलिंगड, अननस, पेरू, सगळं सोलून बर्फावर. सोललेलं फळ कधी सोललं हे कळत नाही, म्हणून अख्खं फळ दाखवून समोर कापायला सांगा. तेही जमत नसेल तर रांबुतान, मँगोस्टीन, केळी, पोमेलो ही आपल्या हातानं सोलायची फळं घ्या. आंबा आणि चिकट भात, 'खाओ निआओ मामुआंग', याचा खरा मोसम मार्च ते मे. आंबा समोर कापला जातो, ती काळजी नाही. काळजी नारळाच्या दुधाची. उन्हात ते किती लवकर आंबतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दुपारी चारला उघड्या भांड्यातलं दूध दिसलं तर वास घ्या आणि जराही आंबूस वाटलं तर नको म्हणा. ओर तोर कोर बाजारात, कामफेंग फेत मेट्रो स्टेशनला लागूनच, ते सकाळी खावं.

शाकाहारी असाल तर

इथे आपल्याकडचे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर. थाय भाषेत शाकाहारीला 'मांगसाविरात' म्हणतात, पण हा शब्द वापरलात तर अंडं येतं आणि बऱ्याचदा नाम प्लाही येतो, कारण अनेकांच्या लेखी तो मासा नसून मीठच. आमट्यांच्या वाटणात 'कापी' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, भाज्यांवर ऑयस्टर सॉस. तुम्हाला हवा तो शब्द आहे 'जे'. 'किन जे' म्हणजे मांस, मासा, अंडं, दूध यांतलं काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासातल्या जेवणाच्या बरंच जवळचं. अशा दुकानावर पिवळं निशाण असतं आणि त्यावर लाल रंगात, इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं अक्षर.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस 'जे'चा उत्सव असतो. हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रावरच येतात. २०२३ आणि २०२४मध्ये दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले होते, २०२५मध्ये चिनी अधिक महिन्यामुळे उत्सव पुढे गेला. तेव्हा याओवारात पिवळ्या निशाणांनी भरून जातो आणि शाकाहारी माणसाला खरोखर कुठेही उभं राहून खाता येतं. सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मनच्या देवळातही नवरात्र मोठं असतं. शक्य असेल तर सहल त्याच सुमारास ठरवा. आईला आम्ही मुद्दाम तेव्हा नेलं होतं आणि एरवी काही बाहेर न खाणारी आई तिथे टोफूचं सूप मागून मागून प्यायली.

एरवी 'जे'च्या दुकानाबाहेर खाताना कढई तीच असते हे मनाशी धरून चला. सोम तमचा खलबत्ताही तोच, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाची कोळंबी कुटलेली असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तोंडी सांगण्यावर अवलंबून राहू नका, थाय लिपीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. गोमांस टाळणाऱ्यांनी बोट नूडल्सचा दाट रस्सा विचारून घ्यावा, त्यात गाईचं किंवा डुकराचं रक्त घालतात.

बोलताना बाईनं शेवटी 'खा' आणि पुरुषानं 'ख्राप' लावायचं, हे आपल्या 'हो ना'सारखं नसून आदराचं आहे. 'माय फेत खा', तिखट नको. 'आरोय', छान झालंय. हा शेवटचा शब्द म्हटलात की पुढच्या खेपेला तुमची काडी जास्त मन लावून भाजली जाते.

हात, पुन्हा एकदा

तुमचे हात. स्कायट्रेनचा दांडा, नोटा, मोबाइल आणि मग हातानं चिकट भात. सॅनिटायझर बऱ्याच जिवाणूंवर चालतो, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसा नाही. साबण आणि पाणीच लागतं, वीस सेकंद. म्हणून ती साबणाची वडी.

पोट बिघडलंच तर

दोन-सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा आयतं तयार झालेलं विष, ते साधारण दिवसभरात निवळतं. जिवाणूंचे जुलाब सहा तास ते तीन दिवसांनी सुरू होतात. दोन्हींत पहिलं औषध पाणी आणि मीठ. ओआरएसचं एक पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण ढवळा, अर्धं पाकीट अंदाजानं नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. तिथल्या औषधाच्या दुकानात 'फोंग क्लुआ रे' म्हणजे क्षारांची पूड मिळते, पण खेळाडूंसाठीचं वेगळं असतं, जुलाबासाठीचं मागा. भूक लागली की जोक किंवा साधा भात खा, उपाशी राहू नका.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइड गोळी मोठ्या माणसाला लांबच्या बसप्रवासात मदत करते. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घेऊ नका, आणि लहान मुलांना देऊच नका. घरून नेलेलं नॉरफ्लॉक्स, सिप्रोसारखं अँटिबायोटिक आपल्या मनानं सुरू करू नका. थायलंडमध्ये जुलाबाचं एक मोठं कारण असलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू या गटाच्या औषधांना फार मोठ्या प्रमाणावर जुमानत नाही.

तीन दिवसांत आराम नाही, ताप ३८.५च्या वर, शौचातून रक्त, आठ तास लघवी नाही, पाणीही पोटात ठरत नाही, मूल मलूल पडलंय, यांतलं एक जरी असेल तरी हॉस्पिटल गाठा. वैद्यकीय आणीबाणीसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. दारू प्यायल्यानंतर काही तासांनी नजर धूसर झाली तर सकाळपर्यंत थांबू नका. विम्याचा क्रमांक घरच्या एका माणसाकडेही देऊन ठेवा.

परत आल्यावर

जुलाब दोन आठवडे रेंगाळले तर शौचाची तपासणी करून घ्या, जिआर्डियासारखे परजीवी उशिरा लक्षणं दाखवतात. आणि आल्यावर महिन्याभरात ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा जुलाब होऊन गेल्यावर पायांत अशक्तपणा चढू लागला, तर डॉक्टरांना "मी थायलंडला जाऊन आले" हे पहिल्या वाक्यात सांगा. तारखा आणि कच्चं काय खाल्लं तेही सांगा. मी रोज रात्री झोपण्याआधी मोबाइलमध्ये दिवसभरात काय आणि कुठे खाल्लं त्याच्या दोन ओळी लिहून ठेवते.